बाईला जोड कुठली? हमीदा बानूपासून पिंजऱ्यातल्या लढतीपर्यंत

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे पोरं ज्याला नुसतं एमएमए म्हणतात, त्याचा इतिहासाच्या व्याख्यानाशी काय संबंध? आणि त्यातही बायकांचं एमएमए? आमचं म्हणणं असं आहे की दिघीत हा विषय घ्यायचा नाही तर कुठे घ्यायचा? एका बाजूला भोसरी आहे. तिथल्या तालमींची नावं इथे कुणाला सांगायला नकोत. दुसऱ्या बाजूला आळंदी. ज्या विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ते तरुणपणी कुस्तीचे नादी होते, हे आता कीर्तनातच काय ते ऐकायला मिळतं. त्यांच्या नावाची व्यायामशाळा आळंदीत आहे आणि तिथे मुलीही कुस्ती शिकतात. मधे लष्कराचा मोठा पट्टा. पहाटे टेकडीकडे गेलात तर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, आणि पोरांबरोबर पोरीही. १९९७ साली दिघी महापालिकेत आली, शेतं गेली, सोसायट्या आल्या, आणि सोसायट्यांच्या मागोमाग कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंगचे क्लास आले. त्यांच्या फलकांवर आता ‘एमएमए’ ही तीन अक्षरंही दिसायला लागली आहेत.

तर हा खेळ आपल्या दारात आलेलाच आहे. तो चांगला की वाईट, यावर आम्ही आज बोलणार नाही. बाई झुंजायला उभी राहिली की आपल्याकडे तिच्याशी काय होतं, हे बघायचं आहे. ती काही पहिल्यांदाच उभी राहिलेली नाही.

सुरुवात एका शब्दापासून करू. कुस्तीत आपण म्हणतो ‘जोड’. जोड लावणं, जोड जमणं, तोलामोलाची जोड. यात्रेच्या आखाड्यात पंचांचं निम्मं डोकं त्यातच जातं. पोरं हौद्याभोवती फिरतात, हात उंचावतात, कुणीतरी वय बघतं, अंग बघतं, कुणाच्या हाताखालचा आहे ते विचारतं, आणि मग हातात हात देतं. जोड चुकली तर कुस्ती फुकट. एक तर पोरगं दुखावतं, नाही तर लोक ‘नुरा, नुरा’ म्हणून ओरडतात. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, लुटुपुटूची. जोड आणि नुरा हे दोन शब्द लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्यांच्याभोवती फिरणार आहे.

आता १९५४ साल. ४ मे. गाव बडोदा. हमीदा बानू नावाची पैलवान बाबा पैलवान नावाच्या पुरुषाशी लढली आणि १ मिनिट ३४ सेकंदांत कुस्ती निकाली झाली. बाई जिंकली. त्या वर्षीच्या सुरुवातीला तिने जाहीर केलं होतं की मला जो हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याआधी पतियाळा आणि कलकत्त्याच्या पैलवानांना तिने पाडलेलं होतं. बडोद्यात तिच्याशी आधी दुसराच पैलवान लढणार होता. बाईशी लढणार नाही म्हणून त्याने माघार घेतली आणि बाबा पैलवान पुढे आला.

ही बाई मूळची उत्तर प्रदेशातली. मिर्झापूरकडची, मग अलीगढला सलाम पैलवान नावाच्या वस्तादाकडे तयार झाली. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. तिचा खुराक वर्तमानपत्रं चवीने छापायची: दूध साडेपाच लिटरांच्या वर, किलोभर मटण, शिवाय कोंबडी, बदाम, लोणी, अंडी, बिर्याणी. खुराकाचे आकडे छापताना पत्रकारांची लेखणी नेहमी जरा सैल सुटते, तेव्हा त्यातलं थोडं वजा करा. तरी उरतं ते पुष्कळ आहे.

आता आपल्या भागाकडे या. हमीदा बानू मुंबई इलाख्यात फार लढली, आणि इथेच तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. १९४४ साली मुंबईत गूंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली. वीसेक हजार लोक जमले. ऐन वेळी समोरच्याने पैशाच्या आणि वेळेच्या अटी वाढवल्या, कुस्ती रद्द झाली, आणि लोकांनी मैदानाची मोडतोड केली. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. शहरातल्या कुस्तीच्या संघटनेने हरकत घेतली आणि तीही रद्द झाली. कोल्हापुरात मात्र कुस्ती झाली. एका पंजाबी पैलवानाला तिने पाडलं आणि लोकांनी तिच्यावर दगड मारले. पोलीस बोलवावे लागले. हे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेचं कोल्हापूर. कुस्ती कळणारे लोक तिथे नव्हते असं कुणी म्हणू शकत नाही. उलट तिथे कुस्ती कळत होती म्हणूनच दगड आले. लोकांचं म्हणणं, ही नुरा आहे.

तिच्यावर जवळजवळ बंदीच आली, तेव्हा ती गप्प बसली नाही. तिने थेट मुख्यमंत्र्यांकडे तक्रार केली. तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई. त्यांचं उत्तर मोठं बघण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं असं की बाई आहे म्हणून या कुस्त्या बंद केलेल्या नाहीत. कुस्त्या भरवणारे तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून बंद केल्या.

आम्ही या उत्तरावर पुष्कळ विचार केला. उत्तर खोटं आहे असं आम्हाला वाटत नाही. ठेकेदाराला तिकिटं खपवायची होती. त्याने एखादा पडायला तयार असलेला गडी आणला असेल, अगदी शक्य आहे. हमीदा बानूची प्रत्येक कुस्ती खरी होती असं आज छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता येणार नाही. पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा. खरी जोड आणायची कुठून? नावाजलेला पैलवान बाईशी लढणार नाही, कारण जिंकला तर कौतुक नाही आणि हरला तर तोंड दाखवायला जागा नाही. बाईशी लढायला बाई हवी, तर बायकांना तालमीत पाय ठेवू द्यायचा नाही. मग उरतो तो ठेकेदाराने आणलेला गडी. खऱ्या जोडीचे सगळे रस्ते आपणच बंद करायचे आणि मग म्हणायचं, ही नुरा आहे, बंद करा.

सरकारला दुसरा रस्ता दिसत नव्हता असंही नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले होते. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा बँटमवेट गटात लढले, ५७ किलोच्या. वजनगट ही काय चीज आहे हे त्या पदकाने महाराष्ट्राला शिकवलं: लहान चणीच्या माणसालाही तोलामोलाची जोड मिळते आणि त्याची ताकद खरी ठरते. १९५३ साली मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ साली महाराष्ट्र केसरी सुरू झाली, पहिली गदा दिनकर दह्यारींनी नेली. पंच आले, नियम आले, नोंदी आल्या, जिल्हावार निवड आली. हे सगळं घर हमीदा बानूच्या डोळ्यांदेखत बांधलं जात होतं. त्यात तिच्यासाठी एकही खोली ठेवली नाही.

तिचं पुढे काय झालं? १९५४ सालीच मुंबईत तिने व्हेरा चिस्टिलिन नावाच्या रशियन पैलवान बाईला मिनिटभराच्या आत पाडलं, आणि आता युरोपात जाऊन लढणार असं जाहीर केलं. ती युरोपात गेली नाही. तिच्या घरच्यांनी पुढे पत्रकारांना सांगितलेली हकीकत अशी की वस्तादाला ते मान्य नव्हतं आणि त्याने मारहाण करून तिचे हातपाय मोडले. त्यानंतर ती कल्याणला राहिली. दूध विकायची, काही खोल्या भाड्याने दिल्या होत्या, पैसे संपले की रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकायची. १९८६ साली गेली. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पानावर तिचं चित्र लावलं तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

इथे थोडं आडवळण घेतो. कुणी म्हणेल, आपल्याकडे तर बायकांच्या हातात लाठी होतीच की. होती, खरं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ अशा संस्था निघाल्या आणि मुलींना व्यायाम, लाठी, लेझीम शिकवण्याला प्रतिष्ठा आली. आजही शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुली दांडपट्टा फिरवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. २०२० च्या टाळेबंदीत हडपसरच्या एका आजींनी रस्त्यावर लाठी फिरवून दाखवली तेव्हा सगळ्या देशाने बघितलं. पण यात एक गोम आहे. लाठी फिरवणं म्हणजे प्रात्यक्षिक. त्यात समोर कुणी नसतं, कुणी हरत नाही. बाईने कसरत दाखवायला आपली कधीच हरकत नव्हती. छत्र्यांच्या सर्कशीत बायका झुल्यावर चढत होत्याच. हरकत येते ती निकाल लागणार असतो तेव्हा. कुणीतरी पडणार, कुणीतरी जिंकणार, आणि ते आधी ठरलेलं नसणार, हे आलं की घरातली वडीलधारी अस्वस्थ होतात.

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात आपल्याकडे घडलं कमी. बायकांच्या कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली झाली. २००४ साली अथेन्सला ती ऑलिंपिकमध्ये आली. २०१६ साली साक्षी मलिकने रिओत कांस्य मिळवलं, त्याच वर्षाच्या शेवटी ‘दंगल’ आला आणि घरोघरी गीता-बबिता झाल्या. लोकांना वाटतं हे सगळं हरयाणात झालं. पण तोवर आपल्याकडे कागल तालुक्यात मुरगूडला मुलींची तालीम उभी होती, वडणगेची रेश्मा माने राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली होती. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही इतकंच.

आणि मग २०२३ चा मार्च. सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं आणि चांदीची गदा घेतली. १९६१ ते २०२३. मोजा, ६२ वर्षं झाली. ज्या कल्याणमध्ये हमीदा बानू दूध विकत होती त्याच गावची मुलगी अंतिम फेरीत होती. तिच्यासमोर तिच्याच वजनाची मुलगी होती आणि कुणी दगड मारले नाहीत. सांगलीच्या त्या दिवसाचं मोल आम्हाला गदेपेक्षा यात दिसतं.

पण तेव्हाच दिल्लीत काय चाललं होतं तेही आठवा. जानेवारीत देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर संघटनेच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत जंतरमंतरवर बसल्या होत्या, एप्रिलमध्ये पुन्हा बसल्या. डिसेंबरमध्ये साक्षी मलिकने कुस्ती सोडली. आपल्या राज्यातल्या संघटनेतही दोन गटांचं भांडण चालूच होतं. जोड मिळाली, नियम मिळाले, म्हणजे सगळं मिळालं असं होत नाही. वस्ताद, संघटना, निवड या सगळ्यावर कुणाचा हात आहे, हा प्रश्न हमीदा बानूच्या वेळी होता तसाच उरतो.

आता पिंजऱ्याकडे येऊ. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: एमएमएमध्ये ठोसा, लाथ, पकड, पाडणं आणि जमिनीवर सांधा किंवा गळा आवळणं, सगळं चालतं. साधारण पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, हातात बोटं मोकळी राहतील असे पातळ ग्लोव्हज. समोरची निपचित पडली, तिने हाताने थाप मारून हार मानली, किंवा पंचांनी थांबवलं की निकाल. नाही तर गुणांवर. जे कुस्तीतून येतात त्यांना पाडण्याचं अंग असतं, पण ठोसा खायची सवय नसते. बॉक्सिंगमधून येतात त्यांचं उलटं.

अमेरिकेत यूएफसी १९९३ साली सुरू झाली आणि तिथे वीस वर्षं बायका नव्हत्या. २०११ साली तिच्या प्रमुखाला विचारलं की बायका कधी लढणार, तर त्याने एका शब्दात ‘कधीच नाही’ असं सांगितलं. तिथेही अडचण सांगितली जायची ती जोडीचीच: चांगल्या लढणाऱ्या बायका आहेतच किती? २०१२ साली फक्त बायकांसाठी इन्व्हिक्टा ही संस्था निघाली. लढती वाढल्या, नोंदी साठल्या, एकीला हरवलं की दुसरी तयार राहू लागली. फेब्रुवारी २०१३ मध्ये रोंडा राउझी आणि लिझ कारमूश यूएफसीत लढल्या. ‘कधीच नाही’ दोन वर्षं टिकलं.

आपल्याकडे २०१२ सालीच मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, सुपर फाइट लीग सुरू झाली. पाठीमागे सिनेमाची मंडळी, संगीत, दिवे, सगळा थाट. त्या आणि पुढच्या वर्षांतून आपली मंजित कोळेकर पुढे आली. मुंबईची मुलगी. २०१६ साली ती इन्व्हिक्टात लढणारी पहिली भारतीय ठरली. ती लढत पंचांच्या निकालावर हरली. आम्ही अनेक ठिकाणी तिचं नाव घेऊन बघितलं. भोसरीत, अगदी तालमीतसुद्धा, कुणाला माहीत नव्हतं. पुरुषांत यूएफसीपर्यंत पोचलेला पहिला भारतीय भरत खंडारे, २०१७ साली, तोही मराठीच. त्याचंही नाव माहीत नव्हतं. लीग मात्र लोकांच्या लक्षात होती, कारण तिच्यात संजय दत्त होता.

नंतर रितू फोगट कुस्ती सोडून २०१९ साली वन चॅम्पियनशिपमध्ये गेली. २०१६ च्या लिलावात कुस्ती लीगने तिच्यावर ३६ लाख लावले होते, म्हणजे उपाशी होती म्हणून गेली असं नाही. आणि मुजफ्फरनगरकडची पूजा तोमर, वुशू खेळणारी, मुंबईत सुरू झालेल्या मॅट्रिक्स फाइट नाइटमधून वर आली. जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. तीन पंचांपैकी दोघांनी तिला कौल दिला, एकाने विरोधात. पुढच्या मार्चमध्ये लंडनला ती हरली. २०२६ च्या नागोयाच्या आशियाई खेळांत एमएमएचा समावेश झाला आहे.

हे ऐकून एखाद्या बापाला वाटेल, चला, पोरीला घालू क्लासला. घाला, आमची ना नाही. पण इथे चाकण-भोसरी पट्ट्यात, कंपनीत पाळी करून दोन पैसे बाजूला टाकणाऱ्या घरातून ही फी जाते, म्हणून थोडं रोखठोक बोलतो.

कुस्तीतल्या मुलीपुढे आज एक शिडी आहे. शालेय स्पर्धा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, आणि प्रत्येक पायरीला एक प्रमाणपत्र. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्या प्रमाणपत्रावर मुली पोलिसात जातात. ही शिडी मोडकी आहे, तिच्या पायऱ्यांवर भांडणं चालतात, तरी शिडी आहे. एमएमएच्या मुलीपुढे एक पोस्टर असतं. खालची पायरी आणि सगळ्यात वरची पायरी दिसते, मधल्या पायऱ्या जवळजवळ नाहीतच. क्लासमध्ये मुली पाच-सहा. त्यात ५२ किलोची एक, ६८ ची एक, तिसरी पंधरा वर्षांची. सरावाला मुलगाच समोर येतो. पहिली लढत कुठल्यातरी हॉलमध्ये ठरते, समोरची मुलगी आदल्या दिवशी बदलते, जी येते तिच्या मागच्या लढतींची धड नोंद नसते. लोकांना वाटतं बायकांची फाइट आहे, गंमत आहे. भरवणाऱ्याला तिकिटं खपवायची असतात. ओळखीचं वाटतंय ना?

वजनाचंही तसंच. विनेश फोगटसारखी खेळाडू, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दिमतीला असताना, पॅरिसला १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाद झाली. आदल्या रात्री ते वजन उतरवताना तिच्या अंगाचं काय झालं ते सगळ्यांनी वाचलं. आमच्या माहितीतल्या एका मुलीला एका क्लासने तीन दिवसांत चार किलो उतरवायला सांगितलं होतं. सोबत सल्ला इतकाच, पाणी पिऊ नको. लढतीच्या ठिकाणी डॉक्टर म्हणून जो होता तो फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी निघाला. ती जिंकली. त्या जिंकण्याची नोंद आज कुठेही सापडत नाही, फक्त तिच्या मोबाइलमध्ये चाळीस सेकंदांची चित्रफीत आहे.

म्हणून आम्हाला वाटतं की या पट्ट्यातल्या तालमी आणि हे नवे क्लास यांनी एकमेकांकडे पाठ करून बसू नये. तालमीकडे जोड लावण्याची शंभर वर्षांची अक्कल आहे. कुणाला कुणाच्या हातात द्यायचं नाही, हे वस्तादाला नजरेने कळतं. क्लासकडे मॅट आहे, इंग्रजी नियमावली आहे, आणि मुलीला आत घेताना नाक न मुरडण्याची सवय आहे. भोसरी, दिघी, आळंदी, चऱ्होली, मोशी एवढ्या गावांतल्या मुली एकत्र केल्या तर प्रत्येक वजनात चार-पाच सहज निघतील. महिन्यातून एकदा त्यांच्या नुसत्या सरावाच्या जोडी लावल्या, वहीत नाव, वजन, तारीख, निकाल आणि दुखापत लिहिली, तरी तीन वर्षांत अशी नोंदवही तयार होईल जी हमीदा बानूला कधीच मिळाली नाही. याला महापालिकेचा ठराव लागत नाही. दोनशे पानी वही आणि एक खरा डॉक्टर लागतो.

मागे बसलेल्या मुलींपैकी कुणी लढलेलं असेल तर आधी त्यांनी बोलावं असं आम्हाला वाटतं. माईक तिकडे द्या. आमच्याकडून काही राहिलं असेल तर ते प्रश्नोत्तरात घेऊ.